कॉलेज फुटबॉल: पैसा खेळाडूंना, बिल कुणाच्या नावावर?

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा, फेकायचा खेळ. आपल्या फुटबॉलला तिकडे सॉकर म्हणतात. रविवार असतो एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा, आणि शनिवार कॉलेजांचा. ही शनिवारची दुनिया म्हणजे आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी समजूत करून घेतली तर फसगत होते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या काइल फील्डवर एक लाखाहून जास्त माणसं बसतात. वानखेडे तीनदा भरेल इतकी. नोव्हेंबर 2023 मध्ये याच विद्यापीठाने आपल्या प्रशिक्षकाला मुदतीआधी काढलं आणि उरलेल्या कराराचे म्हणून साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं अंगावर घेतलं. मैदानात हाडं मोडून घेणाऱ्या पोरांना विद्यापीठाकडून तोवर फी, राहणं-जेवण, पुस्तकं आणि थोडेफार भत्ते मिळत. पगार नव्हता.

गेल्या चार-पाच वर्षांत हे बदललं आणि त्यावर एक तक्रार सतत ऐकू येते: पोरांना पैसे द्यायला लागल्यापासून खेळातली गंमत गेली, आणि म्हणून लोक बघेनासे झाले. यात दोन वेगवेगळे दावे एकाच दोरीत ओवले आहेत. ते सोडवून पाहिले की पहिल्यात थोडं तथ्य सापडतं. दुसऱ्याला आकड्यांचा आधार नाही. आणि पैशाचा खरा भार जिथे पडतो, तिकडे तक्रार करणाऱ्यांचं लक्षच नसतं.

आधी बिनपगारी खेळायचा हा 'हौशी'पणा आला कुठून ते पाहू. कॉलेज खेळांचं नियमन करणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांच्या काळात, 1950 च्या दशकात, 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रूढ केला गेला. शब्द गोड असला तरी काम वकिली होतं. कोलोरॅडोत एक खेळाडू सामन्यात दगावला होता आणि त्याच्या पत्नीने कामगाराला मिळते तशी नुकसानभरपाई मागितली होती. खेळाडू 'कामगार' ठरले असते तर प्रत्येक मोडलेल्या गुडघ्याचं बिल विद्यापीठांकडे आलं असतं. 'विद्यार्थी' म्हटलं की प्रश्न मिटला.

पुढे टीव्हीचा पैसा आला. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली. मग विद्यापीठांचे गट, ज्यांना तिकडे कॉन्फरन्स म्हणतात, स्वतःच वाहिन्यांशी सौदे करायला लागले. आज बिग टेन या गटाचा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबरचा 2023 पासूनचा सात वर्षांचा करार 700 कोटी डॉलरच्या घरातला आहे. इतका पैसा समोर दिसत असताना खेळाडू किती दिवस गप्प बसणार? यूसीएलएचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याने 2009 मध्ये दावा लावला, कारण एका व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब तोच होता आणि त्याला छदाम मिळाला नव्हता.

या सगळ्या खटल्यांत एनसीएएचा बचाव मोठा गमतीदार होता. त्यांचं म्हणणं असं: आमचे खेळाडू बिनपगारी आहेत, म्हणूनच लोक आम्हाला बघतात. पगार सुरू करा, प्रेक्षक जातील. म्हणजे आज जी तक्रार ऐकू येते तीच शपथेवर मांडली गेली होती. पुराव्यादाखल लोकमताचे कौलही दाखवले गेले. 'खेळाडूंना पगार द्यावा का?' या प्रश्नाला बरेच लोक 'नको' म्हणत. पण 'नको' म्हणणारा माणूस शनिवारी टीव्ही बंद करतो का, हा प्रश्न निराळा. ऑलिंपिकमध्ये व्यावसायिक खेळाडू यायला लागले तेव्हाही नाकं मुरडली गेली होती. प्रेक्षक कुठेही गेले नाहीत. 21 जून 2021 रोजी ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 9 विरुद्ध 0 असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. दहाच दिवसांनी, 1 जुलैला, खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर आणि ओळखीवर पैसे कमावायची मुभा मिळाली. तिकडच्या बोलीत याला एनआयएल म्हणतात.

आता प्रेक्षकांचा हिशेब. दर जानेवारीत होणारा राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना घेऊ, कारण तो दरवर्षी असतो आणि त्याची मोजणी नीट होते. 2015 मध्ये तो साधारण 3 कोटी 34 लाख लोकांनी पाहिला. जानेवारी 2021 मध्ये आकडा 1 कोटी 87 लाखांवर आला. इथेच थांबून तारीख बघा: एनआयएल तेव्हा सुरूच झालं नव्हतं. मोठी घसरण पैशाच्या आधीची आहे. जानेवारी 2023 मध्ये तळ गाठला, 1 कोटी 72 लाख. 2024 मध्ये पुन्हा अडीच कोटी, 2025 मध्ये 2 कोटी 21 लाख, आणि जानेवारी 2026 मध्ये इंडियाना विरुद्ध मायामी सामन्याला सुमारे 3 कोटी. खेळाडूंना सर्वात जास्त पैसे मिळाले त्या मोसमात आकडा गेल्या दहा वर्षांतल्या वरच्या आकड्यांत जाऊन बसला.

यावरून 'पैसे दिले म्हणून प्रेक्षक वाढले' असं म्हणणंही तितकंच चुकीचं ठरेल. हे आकडे बनतात कसे, ते माहीत हवं.

टीव्हीचा प्रेक्षक-आकडा म्हणजे 'किती जणांनी पाहिलं' असं नसतं, ती दर मिनिटाची सरासरी असते. समजा पहिला अर्धा सामना 2 कोटी लोक बघत होते आणि मध्यंतराला त्यातले 1 कोटी झोपायला गेले. छापून येतो तो आकडा दीड कोटी, जरी सामना पाहणारे 2 कोटी असले तरी. आता 2023 चा तळ आठवा. जॉर्जियाने टीसीयूला 65-7 असं धुतलं होतं. मध्यंतरालाच 38-7 झालं होतं. रात्री उशिरा, उद्या कामावर जायचं असताना, उरलेला अर्धा सामना कोण बघणार? एकतर्फी सामना सरासरी खाली ओढतो. त्या वर्षीचा आकडा हे मुख्यतः धावफलकाचं काम होतं. इंडियाना-मायामी सामना 27-21 सुटला, म्हणजे शेवटपर्यंत जीव टांगणीला. शिवाय इंडियाना हा संघ कोण? पहिल्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये 700 पराभवांचा टप्पा सर्वांत आधी गाठणारा. असा संघ अजिंक्यपद खेळतोय म्हटल्यावर ज्यांना फुटबॉलचं वेड नाही तेही डोकावले.

दुसरं म्हणजे मोजपट्टी बदलली. नील्सन ही कंपनी निवडक घरांत यंत्रं लावून अंदाज बांधते. बारमध्ये, हॉटेलात, मामाच्या घरी जमून सामना बघणारे आधी या आकड्यात धरले जात नसत. 2020 पासून ते धरायला लागले, फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांची व्याप्ती वाढवली, आणि सप्टेंबर 2025 पासून निवडक घरांच्या जोडीला सेट-टॉप बॉक्स आणि स्मार्ट टीव्हींतून येणारी कोट्यवधी घरांची माहितीही मिसळली जाते. जमून बघायच्या खेळांना या बदलांचा फायदा होतो. म्हणून 2022 चा आकडा आणि 2026 चा आकडा शेजारी ठेवून 'वाढ' किंवा 'घट' जाहीर करणारी बातमी दिसली की त्यात मोजणीच्या बदलाचा उल्लेख आहे का, ते आधी शोधावं. नसेल तर ती बातमी अर्धीच.

तिसरं कारण केबलचं. ईएसपीएन ही वाहिनी 2011 च्या आसपास 10 कोटी घरांत होती. आता त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घरं गळाली आहेत, कारण लोकांनी केबलच कापली. सामना आवडेनासा झाला म्हणून नव्हे, तर वाहिनी घरात येतच नाही म्हणून प्रेक्षक कमी. खेळ न आवडणाऱ्या आजीबाईंच्या केबल बिलातूनही ईएसपीएनला महिन्याला काही डॉलर जात होते. कॉलेज फुटबॉलचे अवाढव्य करार त्या डॉलरांवर उभे राहिले. आजीबाईंनी केबल सोडली की वाहिनीला तेवढाच पैसा खऱ्या प्रेक्षकाकडून काढावा लागतो. मग सामने वेगवेगळ्या ॲपवर विखुरतात, प्रत्येकाची वर्गणी निराळी, आणि प्रेक्षक वैतागतो.

चौथं, एनएफएलचा धक्का. 1961 च्या एका कायद्याने सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवार रात्र आणि शनिवार शाळा-कॉलेजांच्या फुटबॉलसाठी राखून ठेवले आहेत. मुदत संपली की एनएफएल शनिवारी येऊन बसते. 2024 च्या मोसमात कॉलेजची बाद फेरी 4 वरून 12 संघांची झाली आणि पहिल्या फेरीचे दोन सामने नेमके एनएफएलसमोर पडले. पेन स्टेट-एसएमयूला सुमारे 64 लाख, टेक्सास-क्लेमसनला सुमारे 86 लाख प्रेक्षक मिळाले. त्याच वेळी एनएफएलच्या प्रत्येक सामन्याला दीड कोटीच्या वर. या घसरणीचं खापर पगारावर फोडायचं तर एनएफएलचे खेळाडू काय फुकट खेळतात?

प्रेक्षकाला खटकतं ते वेगळंच असतं, आणि तिथे तक्रारीत दम आहे. एक म्हणजे खेळाडूंची ये-जा. आधी संघ बदलला की एक वर्ष बाहेर बसावं लागे. 2021 मध्ये ती अट एका बदलीपुरती उठली, एप्रिल 2024 मध्ये पूर्णच. 'ट्रान्सफर पोर्टल' नावाच्या यादीत नाव घातलं की दुसऱ्या विद्यापीठाचे प्रशिक्षक संपर्क करू शकतात. त्यामुळे दर जानेवारीत अर्धा संघ नवा होतो. चार वर्षं एका पोराला वाढताना बघायचं सुख गेलं. मात्र हाच पोर्टल इंडियानासारख्या संघाला वर आणतो. त्यांचा विजेता क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा मुख्य खेळाडू, फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्नियाहून बदली घेऊन आला होता. दुसरं, जुनी वैरं मोडली. पॅसिफिक किनाऱ्यावरचा शंभर वर्षांहून जुना पॅक-12 गट 2023 मध्ये फुटला, बारांपैकी दहा विद्यापीठं टीव्हीच्या पैशामागे निघून गेली. लॉस एंजेलिसचं यूसीएलए आता न्यू जर्सीच्या रटगर्सच्या गटात आहे, जवळजवळ चार हजार किलोमीटर लांब. हा निर्णय खेळाडूंच्या पगाराने झाला नाही, तो विद्यापीठांच्याच हावेने झाला.

आता पैसा फिरतो कसा ते बघू. दोन नळ आहेत.

पहिला नळ थेट विद्यापीठाचा. 'हाउस' नावाच्या खटल्यात 6 जून 2025 रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी तडजोड मंजूर केली. तिच्यानुसार 2025-26 या वर्षात प्रत्येक विद्यापीठ आपल्या खेळाडूंमध्ये जास्तीत जास्त 2 कोटी 5 लाख डॉलर वाटू शकतं. ही मर्यादा दरवर्षी वाढत जाणार. वाटणी कशी करायची ते विद्यापीठाने ठरवायचं, पण बऱ्याच मोठ्या विद्यापीठांचा ढोबळ साचा असा आहे: 75 टक्के फुटबॉल, 15 टक्के पुरुष बास्केटबॉल, 5 टक्के महिला बास्केटबॉल, 5 टक्के बाकी सगळे. गणित करून बघा. फुटबॉलच्या वाट्याला 1 कोटी 53 लाखांच्या वर. संघात 105 जणांची मर्यादा, म्हणजे सरासरी डोक्यामागे दीड लाख डॉलरच्या आसपास. अर्थात क्वार्टरबॅक सरासरीच्या कितीतरी वर असतो आणि शंभरावा खेळाडू कुठेच नसतो. 'बाकी सगळे' म्हणजे पोहणं, टेनिस, कुस्ती, व्हॉलीबॉल, ॲथलेटिक्स वगैरे. त्यांच्या हाती मिळून 10 लाख. तीनशे खेळाडू धरले तर प्रत्येकी साडेतीन हजार डॉलरही होत नाहीत, आणि प्रत्यक्षात बऱ्याच जणांना काहीच मिळत नाही.

दुसरा नळ बाहेरचा: जाहिराती, दुकानं, चाहत्यांनी वर्गणी काढून उभे केलेले निधी. या निधींना 'कलेक्टिव्ह' म्हणतात आणि गोंधळ इथेच झाला. जाहिरातीच्या नावाखाली शुद्ध पगार दिला जाऊ लागला. म्हणून आता 600 डॉलर किंवा त्याहून मोठा प्रत्येक बाहेरचा करार 'एनआयएल गो' या यंत्रणेवर नोंदवावा लागतो. ती डेलॉइट या सल्लागार कंपनीने बांधली आहे. समजा एका बचावपटूला गावातल्या मोटारविक्रेत्याने चार इन्स्टाग्राम पोस्टचे 5 हजार डॉलर देऊ केले. सही केल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत त्याने करार चढवायचा. तीन गोष्टी तपासल्या जातात. पैसे देणारा विद्यापीठाशी बांधलेला आहे का? असेल तर या व्यवहारामागे खरा धंदा आहे का, म्हणजे वस्तू किंवा सेवा विकायचा हेतू? आणि रक्कम त्या खेळाडूच्या ओळखीच्या मानाने वाजवी आहे का? मोटारविक्रेता सहसा सुटतो. 'शुभेच्छा व्हिडिओसाठी 2 लाख' असा कलेक्टिव्हचा करार अडकतो. नामंजूर झाला तर करार बदलायचा, सोडायचा किंवा लवादाकडे जायचं.

बिघडतं कुठे? बहुतेकदा तोंडी शब्दात. 2024 मध्ये नेवाडा-लास व्हेगस विद्यापीठाचा क्वार्टरबॅक तीन सामने जिंकून संघ अपराजित असताना निघून गेला. कबूल केलेले पैसे मिळाले नाहीत, असं त्याच्या बाजूचं म्हणणं. विद्यापीठाने ते नाकारलं. त्याने तिसऱ्या सामन्यानंतरच का सोडलं, यामागे नियम आहे: मोसमात चारपेक्षा जास्त सामने खेळलात तर कॉलेजात खेळायच्या ठरावीक वर्षांतलं ते वर्ष खर्ची पडतं. दुसरा खड्डा कराचा. अठरा वर्षांच्या मुलाला हे पैसे कर न कापता येतात. तो सरकारच्या लेखी स्वयंरोजगारी ठरतो, त्याला वर्षातून चारदा आगाऊ कर भरावा लागतो, आणि प्राप्तिकराखेरीज 15.3 टक्के स्वयंरोजगार कर वेगळा. गाडी घेऊन झाल्यावर एप्रिलमध्ये हे समजलं की पंचाईत.

पैशाने खेळाचा एक फायदा मात्र झाला आहे. शाळा सोडून तीन वर्षं होईपर्यंत एनएफएलमध्ये जाता येत नाही, आणि पूर्वी तीन वर्षं भरली की मुलं पळत. आता मधल्या फळीचा खेळाडू कॉलेजातच चांगलं कमावतो. शिक्षण अर्धवट टाकून एनएफएलच्या निवडीत उतरणाऱ्यांची संख्या 2021 च्या मानाने बरीच खाली आली. चांगले खेळाडू जास्त काळ थांबतात. प्रेक्षकाच्या दृष्टीने हा तोटा कसा?

तर मग बिल कोण भरतं? विद्यापीठाला वर्षाला 2 कोटी डॉलरची नवी ओळ खर्चात घालायची आहे आणि उत्पन्न तेवढं वाढलेलं नाही. त्याशिवाय हाउस तडजोडीत 2016 पासूनच्या खेळाडूंना मागची भरपाई म्हणून सुमारे 280 कोटी डॉलर दहा वर्षांत द्यायचे आहेत. त्यातला मोठा भाग एनसीएए विद्यापीठांना वाटत असलेल्या रकमेतून कापला जातो. ज्यांच्याकडे फुटबॉल संघच नाही, अशी छोटी विद्यापीठंही यात येतात. दुसऱ्याच्या लग्नाचं कर्ज फेडायचा प्रकार.

प्रशिक्षकाचा पगार कापणं अवघड, कारण तो शेजारच्या विद्यापीठात जाईल. मग कात्री जाते पोहण्याच्या तलावाकडे आणि टेनिस कोर्टाकडे. मार्च 2025 मध्ये कॅल पॉली या विद्यापीठाने पोहणं आणि डायव्हिंग बंद केलं, एल पासोच्या टेक्सास विद्यापीठाने महिला टेनिस. शिवाय तडजोडीने स्कॉलरशिपांची मर्यादा उठवून संघाच्या आकाराची मर्यादा आणली. वरवर उदार वाटतं, पण आधी स्वतःच्या खर्चाने संघात राहणारी, 'वॉक-ऑन' म्हणवली जाणारी मुलं यात बाहेर फेकली गेली. विल्केन यांनी एप्रिल 2025 मध्ये याच मुद्द्यावर मंजुरी अडवली, तेव्हा कुठे त्या वर्षी गळालेल्या मुलांना मर्यादेबाहेर धरायची सोय झाली. महिला खेळाडूंचा प्रश्नही लोंबकळतो आहे. 1972 चा 'टायटल नाइन' कायदा शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेद करायला मनाई करतो. मग 90 टक्के पैसा पुरुषांच्या दोन खेळांना कसा, यावर अपिलं झाली आहेत. बाजाराचा दाखला देणाऱ्यांना एक आठवण: 2024 मध्ये महिला बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याला पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त प्रेक्षक होते, साधारण 1 कोटी 89 लाख विरुद्ध 1 कोटी 48 लाख. केटलिन क्लार्क त्यात खेळत होती, आणि तोवर तिच्याकडे मोठमोठ्या कंपन्यांचे करार होते. कुणी टीव्ही बंद केला नाही.

महाराष्ट्राचा संबंध इथे येतो. ऋतुजा भोसले, रोहन बोपण्णाबरोबर हांगझोच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकणारी, टेक्सास ए अँड एमकडूनच कॉलेज टेनिस खेळली. टेनिस स्वतःचा खर्च काढत नाही. तो काइल फील्डवरच्या शनिवारच्या गर्दीतून निघत आला. आता त्या गर्दीच्या पैशाला नवे वाटेकरी आले आहेत. परदेशी विद्यार्थ्याला आणखी एक अडचण: एफ-1 व्हिसावर अमेरिकेत बाहेरचं काम करायला सहसा परवानगी नसते, आणि पैसे घेऊन जाहिरात करणं हे कामच. म्हणून आपल्या मुलामुलींनी एनआयएलच्या कागदावर सही करण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला आणि व्हिसाच्या वकिलाला विचारावं. प्रशिक्षकाचा शब्द इथे चालत नाही.

टेनिस, पोहणं किंवा ॲथलेटिक्सच्या जोरावर तिकडे जायचं असेल, तर प्रशिक्षकाला विचारायचे प्रश्नही बदलले आहेत. या खेळाच्या संघाची मर्यादा किती आणि माझ्या वर्षी जागा किती? स्कॉलरशिप एका वर्षाची की पूर्ण पदवीची, आणि लेखी आहे का? विद्यापीठ एकूण किती खेळ चालवतं? हा शेवटचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत राहायला किमान 16 खेळ लागतात. 16 च चालवणाऱ्या विद्यापीठाला एकही बंद करता येत नाही. 22 चालवणाऱ्याकडे कापायला सहा आहेत.